शिंक, ताप आणि घड्याळ: घरातल्या बुरशीची ॲलर्जी आणि विषबाधा वेगळी कशी ओळखायची

बडोद्यात जुलै ते सप्टेंबर कपाटातल्या साड्यांना कुबट वास लागतो, चामड्याच्या चपलेवर पांढरी लव येते आणि दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडच्या जुन्या घरांत जिन्याखालची भिंत गुडघ्यापर्यंत काळवंडते. नव्या सोसायट्याही सुटत नाहीत. तिथे पलंगाच्या पेटीत आणि जिप्समच्या छतात हाच प्रकार चालतो, फक्त उशिरा कळतो. याच दिवसांत घरात कोणी शिंकत असतं, कोणाला रात्री धाप लागते, आणि कोणीतरी ‘काळी बुरशी विषारी असते’ असा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकतं. मग सगळा त्रास ‘विष’ या एकाच खात्यावर जमा होतो.

घरातल्या बुरशीचा बहुतेक त्रास ॲलर्जीचा किंवा नुसत्या चुरचुरीचा असतो. खरी विषबाधा क्वचित होते, आणि होते तेव्हा तिच्या वाटा ठरलेल्या असतात. मात्र ताप आणणारा एक आजार असा आहे की तो विषबाधेसारखा दिसतो पण मूळचा ॲलर्जीच्या कुळातला असतो, आणि महिनोन्‌महिने अंगावर काढला तर फुप्फुस कायमचं कडक करून ठेवतो. फरक कळण्याची खरी गरज त्याच्यासाठी आहे.

एक वाक्य पूर्ण बोलताना दम तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, ओठ-जीभ सुजत असेल किंवा बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा. दम्याचा पंप असेल तर तो घेत राहा.

आधी ती बुरशीच आहे का ते बघा

भिंतीवरचं पांढरं सगळं बुरशी नसतं. विटांच्या जुन्या भिंतीतून ओल वर चढते, पाणी उडून जातं आणि मागे खार उरतो. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हा. ओल्या कापसाने पुसा: खार विरघळतो, बोटांत कुरकुरतो, त्याला वास नसतो. बुरशी विरघळत नाही, कापसावर हिरवट-काळा डाग सोडते आणि कुबट वास देते. लोण्याने शिंका येत नाहीत. पण लोणा आहे म्हणजे ओल आहे, तेव्हा त्याच भिंतीला टेकवलेलं लाकडी कपाट पुढे ओढून त्याची पाठ जरूर बघा. बुरशी बहुधा तिथे सापडते.

रंगावरून जात ओळखायचा प्रयत्न सोडून द्या. काळी दिसणारी बुरशी बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलस नायजर अशी नेहमीचीच असते. जिच्या नावाने भीती घातली जाते ती स्टॅकिबॉट्रिस कागद, पुठ्ठा, जिप्सम बोर्ड अशा वस्तू सतत भिजलेल्या राहिल्या तरच वाढते. शिवाय तिचे बीजाणू चिकट गरात असतात, ओल्या स्थितीत ते सहज उडत नाहीत. वाळल्यावर कोणी खरवडलं की मग उडतात.

वासाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करून टाकू. कुबट वास बुरशीच्या विषाचा नसतो. वाढताना ती जी हलकी, उडून जाणारी रसायनं सोडते त्यांचा तो वास. विषं, म्हणजे मायकोटॉक्सिन, सहज उडत नाहीत. ती बीजाणूंना आणि धुळीला चिकटलेली असतात. वास आला म्हणजे विष नाकात गेलं असं होत नाही. उलट, वास नसतानाही कोरडी धूळ भरपूर उडाली तर धोका असू शकतो.

शरीर चार तऱ्हांनी बोलतं

पहिली तऱ्हा ॲलर्जीची. तिची खूण एकच धरायची असेल तर खाज धरा. नाक, डोळे, टाळू, कधी कानाच्या आत खाज, लागोपाठ शिंका, पाण्यासारखं नाक, आणि दम्याची प्रवृत्ती असेल तर छातीत शिट्टी. संपर्कानंतर काही मिनिटांत सुरू होतं, आणि काहींना ४ ते ८ तासांनी दुसरी लाट येते. त्यामुळे संध्याकाळी माळा साफ करणाऱ्याला मध्यरात्री खोकला येऊ शकतो. ताप येत नाही. आणि घरातल्या सगळ्यांना होत नाही. आईला होतं, काकांना होत नाही, कारण आईच्या शरीराने त्या बुरशीविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं आधीच तयार केलेली असतात. अशा माणसाला बुरशी थोडीशीसुद्धा पुरते.

दुसरी चुरचुरीची. डोळे झोंबतात, घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो, डोकं जड होतं. खाज नाही, शिंका फारशा नाहीत. खोलीत कुबटपणा जास्त असेल तर ॲलर्जी नसलेल्यालाही होतं, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बहुधा तासाभरात उतरतं. लोक जिला ‘विषारी परिणाम’ म्हणतात ती बऱ्याचदा हीच असते.

तिसरी खरी विषारी प्रतिक्रिया. इथे प्रश्न मात्रेचा असतो. एकाच वेळी प्रचंड धूळ छातीत गेली, म्हणजे भिजून वाळलेलं धान्य, कुजका पेंढा, पुरानंतर महिनाभर बंद राहिलेलं गोदाम, तर ४ ते १२ तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखं होतं. आधीची ॲलर्जी लागत नाही. त्या खोलीत राबलेल्या चौघांपैकी तिघे एकाच रात्री आजारी पडतात. बुरशीबरोबर जिवाणूंची विषंही त्या धुळीत असतात. एक-दोन दिवसांत बहुतेकांना आपोआप उतार पडतो आणि एक्स-रे सहसा स्वच्छ येतो.

चौथी तऱ्हा फसवी आहे. वैद्यकीय नाव लांबलचक, अतिसंवेदनशील न्यूमोनायटिस. पण तो जंतूंचा न्यूमोनिया नव्हे. यातही ४ ते ८ तासांनी ताप, खोकला आणि धाप. फरक असा की घरातल्या एखाद्यालाच होतो, थोड्या मात्रेने होतो, आणि त्याच जागी गेलं की पुन्हापुन्हा होतो. रेंगाळणाऱ्या प्रकारात ताप सहसा येत नाही. जिना चढताना दम, कोरडा खोकला आणि वजन घटणं एवढंच दिसतं, आणि सहा महिने ‘वय झालं’ म्हणून निघून जातात.

बुरशीचा संसर्ग ही पाचवी गोष्ट, ॲलर्जी आणि विषबाधा या दोन्हींपासून वेगळी. अनियंत्रित मधुमेह, केमोथेरपी, प्रत्यारोपण, बराच काळ स्टिरॉइड चालू असणं, अशा माणसाला चेहऱ्याच्या एका बाजूला दुखणं, नाकातून काळसर स्राव किंवा डोळ्याला सूज आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आणि अशा माणसाने बुरशी साफ करायला मुळीच जाऊ नये.

दोन आठवडे वही लिहा

या कामाला महागडं काही लागत नाही: घड्याळ, थर्मामीटर, चारशे-पाचशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा छोटा मीटर, आणि छातीचा त्रास असेल तर फुंकर किती जोरात बसते ते मोजणारा पीक फ्लो मीटर. पीक फ्लो उभं राहून तीनदा फुंकायचा आणि तिन्हींपैकी मोठा आकडा लिहायचा, सकाळी आणि रात्री, औषधाआधी. आर्द्रता प्रत्येक खोलीत दिवसातून एकदा. मीटर भिंतीजवळ नको, खोलीच्या मध्ये, आणि वाचण्याआधी अर्धा तास तिथे ठेवलेला. ६० टक्क्यांच्या वर सतत राहिली तर बुरशीला रान मोकळं.

वहीत पाच गोष्टी: वेळ, कुठे होतो, काय हलवलं, काय झालं, घरात आणखी कोणाला झालं. रोज रात्री आठवून लिहू नका, तेव्हाच्या तेव्हा लिहा. आठवणीतून लिहिलेल्या वहीत वेळा हमखास चुकतात, आणि इथे सगळा निवाडा वेळेवरच आहे.

अशी नोंद सापडली समजा:

‘मंगळवार. सकाळी ७:१० ला माळ्यावरच्या गोदड्या काढल्या. ७:२० पासून शिंका, दहा-बारा. डोळे चोळून लाल. ताप ९८.२. सकाळचा पीक फ्लो ३८०, आठला २९०. पंप घेतला, नऊला ३६०. बाकी कोणाला काही नाही.’

ही ॲलर्जी, आणि छातीपर्यंत पोहोचलेली. ३८० वरून २९० म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के घट. वीस टक्क्यांच्या वरची घट डॉक्टरांना दाखवायलाच हवी. पंपाने आकडा परत वर आला, हेही श्वासनळ्या आकुंचल्याचंच लक्षण. पण बुरशीच कारणीभूत आहे असं अजून सिद्ध झालेलं नाही. गोदडीत धुळीतले सूक्ष्म किडे, डस्ट माइट, बुरशीइतकेच दमट हवेवर पोसतात. रोज अंथरूण घालताना-काढताना आणि पहाटे गादीवरच त्रास होत असेल तर संशय किड्यांवर घ्या. माळा, न्हाणीघर, कपाटाची पाठ, भिंत खरवडणं यांनी होत असेल तर बुरशीवर. दोन्ही असणं अगदी नेहमीचं आहे.

दुसरी नोंद बघा:

‘रविवार. दुपारी २ ते ४ कूलर पुसून चालू केला. रात्री ९:३० ला थंडी वाजली, १०१.४. खोकला कोरडा, धाप. शिंका नाहीत. सोमवारी दुपारपर्यंत बरं. बाकी कोणाला काही नाही. मागच्या रविवारीही असंच.’

इथे प्रकार वेगळाच आहे. साडेपाच तासांचा उशीर, ताप, खाज नाही, आणि ‘मागच्या रविवारीही असंच’. हे तीन शब्द वहीतले सगळ्यात महत्त्वाचे. एकदा घडलं असतं तर जास्त मात्रेची विषारी प्रतिक्रिया म्हणता आलं असतं. आठवड्याने पुन्हा, तेही थोड्या संपर्काने आणि एकाच माणसाला, म्हणजे चौथी तऱ्हा. यात वही पुढे लिहीत बसायचं नाही. छातीच्या डॉक्टरकडे न्यायची.

कूलरचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. भारतातल्या २७ केंद्रांवर १,०८४ रुग्णांची फुप्फुस कडक करणाऱ्या आजारांसाठी नोंद झाली होती, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना हाच न्यूमोनायटिस निघाला, आणि त्यांच्यातल्या सुमारे निम्म्यांचा कूलरशी संपर्क होता. उन्हाळाभर ओलं राहणारं कूलरचं गवत आणि टाकीतलं साचलेलं पाणी हे बुरशीचं बेस्ट घर आहे, आणि वर पंखा लावून आपण ते थेट तोंडावर सोडतो.

घर सोडून पाहा, पण नीट

ताप नसलेल्या, दमा आटोक्यात असलेल्या माणसासाठी ही घरगुती चाचणी चांगली आहे. सलग चार-पाच रात्री दुसरीकडे, कोरड्या घरात राहा: बहिणीकडे, काकूकडे, जिथे जमेल तिथे. औषधं तीच ठेवा. आपली उशी, चादर, पांघरूण नेऊ नका. नेलंत तर बुरशीही बरोबर नेलीत. वही चालू ठेवा. परतल्यावर पहिल्या दिवशी काहीही न हलवता राहा, दुसऱ्या दिवशी नेहमीची कामं करा.

चुरचुर घर सोडताच उतरते. ॲलर्जी दोन-तीन दिवसांत ओसरते आणि परतल्यावर लगेच उगवते. दुसरीकडेही तसंच राहिलं तर घरातली बुरशी मुख्य कारण नाही. मग अगरबत्ती, मच्छरांची कॉइल, डांबरगोळ्या, नवा रंग, पाळीव मांजर यांचा विचार करा. गल्लत एका ठिकाणी होते. लोक सुट्टी काढून गावी जातात आणि तिथे शेतात कापणी चालू असते. अल्टरनेरिया आणि क्लॅडोस्पोरियम या बाहेरच्या हवेतल्याही बुरशी आहेत, पिकांच्या पानांवर वाढतात. तिथे त्रास वाढला म्हणून घर निर्दोष ठरत नाही.

ज्याला ताप-धाप येते त्याने मुद्दाम परत संपर्कात येऊन खात्री करून घेऊ नये.

पुरानंतरचा ताप

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा साफसफाईनंतर तापाने फणफणलेली माणसं कमी नव्हती. इथे घड्याळाऐवजी कॅलेंडर लागतं. बुरशीच्या धुळीचा ताप त्याच दिवशी किंवा त्याच रात्री येतो आणि दोन दिवसांत जातो. लेप्टोस्पायरोसिस पुराच्या पाण्यात उतरल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो: पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल होतात, कधी कावीळ. डेंग्यू डास चावल्यावर ४ ते १० दिवसांनी. तेव्हा आठवड्याने आलेल्या किंवा दोन दिवसांत न उतरणाऱ्या तापाला बुरशीच्या नावाखाली घरी ठेवू नका. रक्त तपासा.

साफ करणाऱ्याची स्वतःची विषबाधा

बुरशी साफ करताना होणाऱ्या अगदी खऱ्या विषबाधेत बुरशीचा हात नसतो. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच भिंतीवर ओतायचं, डाग जात नाही म्हणून त्यावर संडास साफ करायचं ॲसिड टाकायचं, आणि न्हाणीघराचं दार बंद. क्लोरीन वायू सुटतो. काही मिनिटांत डोळ्यांची आग, खोकल्याची उबळ, छाती आवळणं, आणि जो जो तिथे आहे त्या प्रत्येकाला. ब्लीच आणि अमोनियावाला काच-क्लिनर यांचंही जमत नाही. असं झालं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत, डोळे साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, आणि त्रास टिकला तर रुग्णालय. फुप्फुसात पाणी व्हायला काही तास लागू शकतात, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबू नका.

डाग १० चौरस फुटांहून लहान, म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फूट असेल तर घरी करता येतं. एन-९५ मास्क (रुमाल नव्हे), गॉगल, रबरी हातमोजे. पंखा बंद, खिडकी उघडी. आधी पाणी मारून ओलं करायचं, मग साबणाच्या पाण्याने घासायचं आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पूर्ण वाळवायचं. कोरड्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासलंत की लाखो बीजाणू हवेत. प्लायवूड, गादी, जिप्सम, पुठ्ठा आतून बुरसटला असेल तर फेकाच. वरून रंग मारणं हा बडोद्यातल्या निम्म्या घरमालकांचा आवडता उपाय आहे. तीन महिन्यांत पोपडे धरतात आणि आतली बुरशी जशीच्या तशी.

पोटातून जाणारं विष

बुरशीच्या विषाने माणसं मेल्याचा पुरावा श्वासाचा कमी, खाण्याचा फार मोठा आहे, आणि तो आपल्या शेजारचा आहे. १९७४ मध्ये पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला. त्यावरच्या बुरशीच्या ॲफ्लाटॉक्सिन या विषाने ३९७ माणसं आजारी पडली, १०६ दगावली. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. घरच्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला. इथे शिंक नाही, खाज नाही, आणि एकाच ताटातलं खाणारे सगळेच सापडतात.

म्हणून पावसाळ्यात माळ्यावरच्या डब्यातले शेंगदाणे, मका, लाल मिरची हातात घेऊन बघा. सुरकुतलेले, काळपट-हिरवट, कडू लागणारे दाणे वेचून टाका, आणि मूठभर दाण्यांत दहा-बारा तसे निघाले तर डबाच टाका. भाजल्याने किंवा तळल्याने हे विष पूर्ण जात नाही. कूटात तर वाईट दाणा ओळखूच येत नाही, तेव्हा पावसात कूट करून ठेवायचीच सवय नको.

कोणती तपासणी, कोणती नको

सयाजी रुग्णालयात किंवा गोत्रीच्या सरकारी रुग्णालयात छातीच्या ओपीडीला वही घेऊन जा. ॲलर्जीचा संशय असेल तर त्वचेवर टोचून करायची चाचणी किंवा त्या-त्या बुरशीचं विशिष्ट आयजीई. टोचणीत पंधरा-वीस मिनिटांनी ३ मिलिमीटर किंवा जास्त गांध उठली तर ती होकारार्थी. सिट्रिझिन, लेव्होसिट्रिझिन आधी आठवडाभर बंद हवं, नाहीतर खोटा नकार मिळतो; दम्याचा पंप मात्र बंद करायचा नाही. रक्तातल्या विशिष्ट आयजीईचा आकडा ०.३५ च्या वर आला तर शरीर संवेदनशील झालं आहे एवढंच कळतं. त्रास त्यानेच होतो की नाही, ते तुमची वही सांगते. नुसतं ‘एकूण आयजीई’ वाढलेलं जंत असतानाही दिसतं.

दमा आहे, औषधं चालू आहेत, तरी आटोक्यात येत नाही आणि तपकिरी घट्ट बेडके पडतात? ॲस्परजिलसचं विशिष्ट आयजीई आणि एकूण आयजीई दोन्ही मागा. एकूण आकडा ५०० च्या पुढे असेल तर श्वासनळ्यांत ठाण मांडलेल्या ॲस्परजिलसच्या ॲलर्जीचा विचार होतो. एक्स-रेवरचे ठिपके बघून अशा रुग्णांना क्षयाची औषधं सुरू झाल्याचं आपल्याकडे वारंवार दिसतं. थुंकीत क्षयाचा जंतू सापडला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ताप-धाप वारंवार असेल तर फुप्फुसाचं एचआरसीटी (बारीक सीटी स्कॅन), फुंकून श्वास मोजणारी स्पायरोमेट्री आणि वायू शोषण्याची क्षमता मोजणारी डीएलसीओ. साधा एक्स-रे इथे पुरत नाही.

पैसे कुठे घालवायचे नाहीत तेही सांगतो. लघवीतल्या मायकोटॉक्सिनच्या तपासण्या ऑनलाइन विकल्या जातात. जेवणातून आलेलं थोडं विष निरोगी माणसाच्या लघवीतही सापडतं, आणि त्यावरून घराच्या भिंतीबद्दल काहीच म्हणता येत नाही. बुरशीविरुद्धचं आयजीजी (दुसऱ्या प्रकारची प्रतिद्रव्यं) वाढलेलं असणं म्हणजे संपर्क झाला होता, इतकंच. ‘विष उतरवणारे’ काढे, पावडरी, कोळशाच्या गोळ्या यांची गरज नाही. १९९३-९४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला, त्याचं खापर स्टॅकिबॉट्रिसवर फुटलं आणि तिथून ही भीती जगभर गेली. २००० मध्ये अमेरिकेच्याच रोगनियंत्रण केंद्राने तो संबंध सिद्ध होत नसल्याचं सांगितलं. ती बातमी मात्र तितकी फिरली नाही.

दुरुस्ती झाल्यावर वही पुन्हा दोन आठवडे लिहा. पाइप बदलला, भिंत वाळली, आर्द्रता पन्नाशीत आली, आणि पीक फ्लो सकाळ-रात्र एका पातळीवर आला, तर निदान बरोबर होतं. न्यूमोनायटिस ठरलेल्या माणसाच्या घरात कूलर साफ करून परत लावायचा नाही. तो घरातूनच काढायचा. बाकीच्यांनी आठवड्याला टाकी रिकामी करून घासावी, रात्री पंप बंद करून पंखा वीस मिनिटं कोरडा चालवावा, दर हंगामात गवत बदलावं, आणि पहिला पाऊस पडला की कूलर पुसून, वाळवून, गवत काढून ठेवावा. ओल्या गवतासकट माळ्यावर चढवलेला कूलर पुढच्या एप्रिलमध्ये खाली येतो, तेव्हा तो चालू करणाऱ्याने खोलीबाहेर उभं राहून पहिली दहा मिनिटं जाऊ द्यावीत.